कळीवरची टोपी

संक्रांतीला आठ दिवस उरले होते आणि टोप्या कमी पडल्या.

टोप्या गुलाबाच्या कळ्यांना घालायच्या. पांढऱ्या जाळीच्या, बोटभर लांब, ताणल्या की ताणणाऱ्या. दुकानात त्यांना बड कॅप म्हणतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका टोप्या म्हणायच्या आणि त्यांचं ऐकून ऐकून आमच्या घरातही तेच नाव पडलं. कळी वाटाण्याएवढी झाली की तिच्यावर टोपी चढवायची. मग ती रुंदीला वाढायला गेली की जाळी तिला धरते, म्हणून ती उंचीला जाते. पाकळ्या एकमेकींना बिलगून वर सरकतात, टोपीही त्यांच्याबरोबर ताणत जाते. पंधरा-अठरा दिवसांत लांबट, टोकदार, गच्च मिटलेली कळी कापायला येते. दिल्लीच्या व्यापाऱ्याला तशीच लागते. टोपी नसली तर तीच कळी बुटकी राहते, पोट सुटतं आणि दोन दिवस आधीच उमलून बसते.

हे सगळं मला तेव्हा तोंडपाठ होतं. २००४ साल होतं, दिंडोरी रस्त्याला आमचं वीस गुंठ्यांचं पॉलीहाऊस, लाल गुलाबाचं तिसरं वर्ष. घरात मी, माझा नवरा धनराज, आमची दोन मुलं, आणि सासरे यादवराव, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो. फेब्रुवारीच्या चौदा तारखेच्या आत माल दिल्लीत पोचला तर वर्ष साधलं, नाहीतर देवाला वाहायला फुलं झाली असं समजायचं.

नव्या टोप्या यायला उशीर होता. मागच्या वर्षीच्या एका गोणीत भरून ठेवल्या होत्या. त्या मी बाहेर काढल्या तर चिकट, काळपट, त्यात बारीक किडे मेलेले. धनराज म्हणाला, "गार पाण्यात औषध टाकून खळबळून काढ."

गार पाण्यात! मी सिन्नरची. माझ्या आईनं मला स्वच्छतेचा एकच प्रकार शिकवला होता, तो म्हणजे उकळणे. दुधाचं फडकं असो, पोराचं दुपटं असो, नाहीतर नव्या सुनेचं डोकं खाणारी तिची नणंद असो, आई म्हणायची, उकळून काढलं की घाण राहत नाही. मी परसातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि टोप्या खळाखळा उकळल्या. वाळल्यावर अशा पांढऱ्याशुभ्र निघाल्या की नाना स्वतः ओटीवरून उठून बघायला आले. "सविताच्या हाताला गुण आहे," म्हणाले. मी दिवसभर तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी नव्या टोप्याही आल्या. आता वाटणी करायची होती. कामाला अकरा बायका होत्या, सगळ्या पेठकडच्या एकाच पाड्यावरच्या. दिवाळी झाली की यायच्या, विहिरीमागच्या खोल्यांत राहायच्या आणि होळीला परत जायच्या. त्यांचे पुरुष द्राक्षाच्या बागांवर कामाला. बायकांत निम्म्या पोरी पहिल्यांदाच आलेल्या, म्हणून नव्या, मऊ टोप्या त्यांना दिल्या. उकळलेल्या दिल्या भागीबाईला.

भागीबाईला काहीही चालायचं. पन्नाशीची, काटक, पायात भेगा, पण बोटं अशी की बघत राहावं. गुलाबाच्या कळीची मान फार नाजूक असते, टोपी घालताना जरा झटका बसला की मोडते. भागीबाईच्या हातून तीन वर्षांत मी एक मान मोडलेली पाहिली नव्हती. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी उभी धरायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी टोपी फाकवायची, आणि कळीला कळायच्या आत ती आत. पाड्यावर ती सुईण होती. तिथली निम्मी पोरं तिच्या हातात आली होती, आणि आमच्याकडे आलेल्या नव्या पोरींतल्या दोघी तर तिनंच बाहेर काढलेल्या.

तिला अकरा ते चौदा नंबरचे चार बेड, म्हणजे गादीवाफे दिले. तिसऱ्या दिवशी ती धनराजला म्हणाली, "भाऊ, ह्या टोप्या लय घट्ट हायेत."

"सगळ्या एकाच मापाच्या हायेत मावशी. जरा ताणून घाला."

"ताणूनच घालू राहिले. पण सोडली का लगीच आवळती."

"जुन्या हायेत ना, म्हणून," धनराज म्हणाला आणि औषध फवारायला गेला. मी तिथंच उभी होते. माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही, हे मी आज शपथेवर सांगते. आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मी त्या टोप्यांच्या पांढरेपणावर इतकी खूश होते की त्यांच्यात काही खोट असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कापणी सुरू झाली. पहाटे थंडी अशी की कात्री हाताला चिकटायची. एक ते दहा नंबरचे बेड बघून धनराजच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं. दांड्या सरळ, कळ्या बोटासारख्या लांब. मग आम्ही अकरा नंबरला आलो.

बाहेरून कळी लाल, टवटवीत दिसत होती, पण तिला टोकच नव्हतं. धनराजनं एक टोपी सोलून काढली. वरून कुणी अंगठ्यानं दाबून बसवल्यासारखी आतली कळी सपाट होती. त्यानं बाहेरच्या पाकळ्या उलटल्या. आतल्या पाकळ्या वर जायला जागा न मिळाल्यामुळे मधेच दुमडून, एका अंगाला वळून, एकमेकींत घुसल्या होत्या. कडा तपकिरी झाल्या होत्या. त्यानं दुसरी सोलली. तिसरी. बारा नंबरला तेच, तेरा नंबरला तेच. चौदा नंबरच्या तर काही कळ्या एका बाजूनं फाटल्या होत्या आणि त्या फटीतून चुरगळलेली पाकळी जिभेसारखी बाहेर आली होती.

एक ते दहा चांगले, अकरा ते चौदा वाया. हिशेब लहान पोरालाही सुटेल असा होता.

"भागीबाई!" धनराज ओरडला. "हिकडं या."

ती आली. बाकीच्या दहा जणीही कात्र्या घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"हे काय केलं? किती दाबून बसवल्या टोप्या?"

"दाबल्या नाय भाऊ."

"मग फक्त तुमच्याच बेडची फुलं कशी चपटी झाली? हात दाखवा. दाखवा हात."

तिनं हात पुढं केले. तळवे वर करून. धनराजनं तिचं मनगट धरून ते हात सगळ्यांकडं वळवले. काय दिसणार होतं त्या हातांत? काटे लागल्याचे ओरखडे होते, बोटांच्या पेरांना चिरा होत्या. पण तो म्हणाला, "आता वय झालं मावशी तुमचं. हात जड झाला. हे नाजूक काम हाय, हे तुमच्यानं आता होणार नाय. उद्यापास्नं शेणखताकडं बघा."

भागीबाईचे हात तसेच थोडा वेळ पुढं राहिले, मग तिनं ते पदराला पुसले. मला तिचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मनात मीही म्हणाले, झालंय खरं तिचं वय.

त्या दिवशी संध्याकाळी मी नळावर हंडा लावायला गेले तेव्हा आमच्या कामावरची विमलाबाई आणि आणखी एक बाई कपडे धूत होत्या. विमलाबाईची सून सरिता आमच्याकडेच कामाला होती, सातवा सरून आठवा लागलेला, बसून ग्रेडिंगचं, म्हणजे फुलं निवडून लावायचं काम करायची. होळीला घरी गेल्यावर महिन्याभरात ती मोकळी होणार होती. विमलाबाई त्यांच्या बोलीत बोलत होती, मला अर्धंच कळलं, पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. पलीकडच्या पाड्यावरच्या सुईणीला सांगावा धाडायचा, असं ती म्हणत होती. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं, भागीचा हात जड झाला. फुलाच्या कळीचं हे असं झालं तर सरितीचं पहिलटकरणीचं काय होईल?

मी हंडा उचलला आणि घरी आले. त्यांचं ते बघून घेतील, असं म्हटलं.

भागीबाई शेणखतावर गेली. पाटीनं खत उचलायचं, बेडच्या कडेला टाकायचं, दिवसभर. तिच्याबरोबरच्या पोरी पूर्वी तिच्या भोवती बसून भाकरी खायच्या. आता ती विहिरीच्या कठड्यावर एकटी बसायची. कुणी तिला वाळीत टाकलं नव्हतं, कुणी वाकडं बोललं नव्हतं. फक्त एक-दोन हात लांब सरकल्या होत्या सगळ्या. सरिताला मात्र दोनदा तिच्याकडे जाताना मी पाहिलं, आणि दोन्ही वेळा विमलाबाईनं हाक मारून तिला परत बोलावलं.

चौदा तारीख उलटली. दहा बेडांनी आमची लाज राखली. मग टोप्या धुण्याचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी परसात बसून सगळ्या एका टोपल्यात ओतल्या. नव्या आणि उकळलेल्या, सगळ्या एकत्र. सहज गंमत म्हणून एक टोपी अंगठ्यात घातली. गेली. दुसरी घातली, ती पेरावरच अडकली. जोर लावून खाली ओढली तर अंगठ्याचं टोक लालबुंद झालं. काढली तेव्हा कातडीवर जाळीची नक्षी उमटली होती, चौकड्या चौकड्या. तिसरी सैल. चौथी घट्ट. मी दोन ढीग केले. घट्ट होत्या त्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र. सैल होत्या त्या जरा पिवळट.

मी चुलीकडं पाहिलं. पातेलं तिथंच पालथं पडलेलं होतं.

 

तेव्हाच उठून धनराजला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मी स्वतःला म्हटलं, खात्री करून घेऊ. उगाच बोलायचं आणि मग दुसरंच काही कारण निघायचं. शहाणपणाचं वाटावं असं बोलणं होतं ते, आणि त्याच्या आत नुसती भीती होती. नानांनी ओटीवरून उठून केलेलं कौतुक मला अजून आठवत होतं.

चौदा नंबरच्या कोपऱ्यात नव्या फुटव्यावर कळ्या धरल्या होत्या. त्यातल्या पंधरा मी निवडल्या, सगळ्या वाटाण्याएवढ्या. पाचांना नवी टोपी, पाचांना उकळलेली, पाचांना काहीच नाही. खूण म्हणून दांडीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा. टोप्या घातल्या माझ्या स्वतःच्या हातांनी, भागीबाईसारख्या, डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरून. एकीची मान मोडली, मग तिच्या जागी दुसरी घेतली. तेव्हा कळलं ते काम काय आहे.

पुढचे बारा दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन उभी राहायचे. धनराजला वाटलं मला एकदम शेतीची आवड लागली. आधी तिन्ही प्रकारच्या कळ्या सारख्या होत्या. सहाव्या दिवशी मोकळ्या कळ्यांनी कमरेत जाड व्हायला सुरुवात केली. नव्या टोपीतल्या सरळ उभ्या चढत होत्या, टोपी अंगासरशी पण सुखानं बसलेली. उकळलेल्या टोपीतली कळी मात्र आत कोंडली गेली होती. तिच्यात वाढायचा जोर तेवढाच होता, पण जाळी देत नव्हती. हिरव्या पानांच्या कडा जाळीच्या भोकांतून बाहेर येत होत्या. दहाव्या दिवशी तिचं टोक बसलं. मी हात न लावता, नुसतं बघता बघता बसलं ते. ऊन वाढलं होतं म्हणून बाराव्या दिवशीच मी तिन्ही प्रकारच्या कापून घरात आणल्या आणि पाकळ्या सोलून ताटात मांडल्या. मोकळी कळी बुटकी, अर्धी उमललेली. नवी टोपी घातलेली लांब, टोकदार. आणि तिसरी चपटी, आत दुमडलेली, अकरा नंबरच्या बेडवर होती तशीच्या तशी.

जेवणं झाल्यावर मी ते ताट नाना आणि धनराजच्या पुढं ठेवलं.

"मी टोप्या उकळल्या होत्या," मी म्हटलं. "त्या आटल्या. भागीबाईचा काही दोष नाही. ह्या मी घातल्यात, माझ्या हातानं."

धनराजनं पाकळी उचलून दिव्याखाली धरली. मग म्हणाला, "गार पाण्यात म्हणलो होतो मी."

"म्हणाला होतात."

"ती म्हणाली होती घट्ट हायेत."

"म्हणाली होती."

मला वाटलं आता आवाज चढणार. पण तो पाकळीकडे बघत राहिला. त्यालाही त्या दिवशी धरलेलं मनगट आठवत असणार. नाना सुपारी कातरत म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापास्नं तिला परत टोप्यांवर घे. बाकी बोलायचं काम नाय. घरातल्या बाईचं नाव मजुरांत कशाला काढायचं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी भांडी घासताना गुणगुणत होते. सुटले! आणि माझं नावही कुठं निघणार नाही. एवढ्या स्वस्तात सुटायचं असतं का कधी, पण त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं खरं.

सकाळी धनराज भागीबाईला म्हणाला, "मावशी, आजपास्नं टोप्या तुम्हीच घाला."

भागीबाईनं पाटी खाली ठेवली नाही. "नको भाऊ."

"का?"

"माझा हात जड हाय ना."

"अहो ते मी रागात बोललो. घाला तुम्ही."

"रागात बोलले, पण दहा जणींसमोर बोलले," ती म्हणाली. आवाजात फणकारा नव्हता. "त्या काय हे ऐकू राहिल्या? नको. खतच बरं." आणि ती पाटी डोक्यावर घेऊन गेली.

धनराज माझ्याकडं बघत राहिला, मी जमिनीकडं.

दुपारी मी खताच्या ढिगाकडं गेले. ती घमेल्यावर बसून पायातला काटा काढत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. चूल, सोडा, पातेलं, पंधरा कळ्या. ती ऐकत होती. काटा निघाल्यावर तिनं तो दगडावर पुसला.

"मला वाटलंच व्हतं टोप्यांचं हाय," ती म्हणाली. "वहिनी, कळीला जोर लागतो. कुणी धरलं नाय तर ती पसरती. पण आपला जोर तिच्या वाढीच्या मागं मागं पायजे. ती चालंल तसं चालायचं. त्या टोप्या तिच्या पुढं जाऊन उभ्या राहू राहिल्या व्हत्या."

"मग येता का परत?"

"तुमच्या फुलाचं मला काय नाय वहिनी. फुलं पुढच्या सालाला परत येतील." ती थांबली. "सरितीचं पोर आडवं हाय असं मला वाटू राहिलं. चालताना बघते ना मी तिला. हात लावून बघायला पायजे, आत्ताच. मग तेल लावून, हळू हळू वळवता येतं. नंतर नाय जमत. पण विमला हात लावू देत नाय. आणि ती ज्या बाईला बोलावू राहिली ती दाबणारी हाय. मला माहितीय तिचा हात."

माझी दोन्ही बाळंतपणं नाशिकला दवाखान्यात, पोट कापून झालेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं की नानांच्या ओटीवर जे मिटलं असं मला वाटलं, ते तिथं मिटण्यासारखं नव्हतंच.

"दवाखान्यात दाखवू या ना सरिताला," मी म्हटलं.

"दाखवा ना, दाखवा. पण बाळंत ती घरीच व्हणार. कळा सुरू झाल्यावर आमच्या पाड्यावरनं कुठली गाडी?"

होळी दोन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीप ठरलेली. निघायच्या आदल्या दुपारी सगळ्या अकरा जणी पॅकिंगच्या शेडमध्ये बसून शेवटच्या कापणीच्या टोप्या गोळा करत होत्या. भागीबाई दाराशी, जरा बाजूला. सरिता पोत्यांवर टेकून बसलेली. निरोपाचा चहा द्यायचा म्हणून मी शेडमधल्या शेगडीवर पातेलं ठेवलं होतं. पाणी उकळायला लागलं. नाना खुर्चीवर बसले होते, धनराज खोके बांधत होता.

मी चहाची पूड घातली नाही. नव्या पाकिटातली एक टोपी काढली, विमलाबाईच्या समोर बसले आणि म्हटलं, "हात द्या."

ती बावरली. मी तिच्या अंगठ्यात टोपी घातली. सहज गेली. काढली आणि तिच्यादेखत उकळत्या पाण्यात टाकली.

"सविता," नाना म्हणाले. नुसतंच नाव. मी वर पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर गप्प बसले असते, मला मी चांगली ठाऊक आहे.

चिमट्यानं टोपी बाहेर काढली, फुंकर घातली आणि पुन्हा विमलाबाईच्या अंगठ्यात घालायला गेले. ती पेरावर अडकली.

"संक्रांतीच्या आधी जुन्या टोप्या मी अशा उकळल्या," मी म्हटलं. आवाज शेडच्या टोकापर्यंत जाईल एवढा मोठा काढला. "गार पाण्यात धुवायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याच टोप्या भागीबाईला दिल्या. फुलं त्यानं चपटी झाली. तिचा हात जड नाही. चूक माझी, आणि आळ तिच्यावर आला."

पाणी उकळत होतं. विमलाबाईनं टोपी अंगठ्यावरून ओढून काढली, ताणून पाहिली, शेजारणीला दिली. ती टोपी अकराही जणींच्या हातांतून फिरली. प्रत्येकीनं आपल्या अंगठ्यात घालून पाहिली, आणि प्रत्येकीनं कातडीवर उमटलेल्या चौकड्या बघितल्या. मग मागून एक पोरगी म्हणाली, "वहिनी, नागलीची पेज बी नाय आम्ही एवढी उकळीत!"

हसू फुटलं. आधी एक, मग दोघी, मग सगळ्याच. मीसुद्धा हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. धनराज खोकं सोडून पुढं आला. भागीबाईसमोर उभा राहिला. म्हणाला, "मावशी, मी तुमचा हात धरून असं चारचौघांत दाखवायला नको होतं. चुकलं माझं." नानांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चहा टाक आता, का टोप्याच पाजती सगळ्यांला?" पुन्हा हसू.

मी मात्र विमलाबाईकडं बघत होते. ती हसत नव्हती. तिनं ती आटलेली टोपी मांडीवर ठेवली होती आणि त्यांच्या बोलीत भागीबाईला काहीतरी विचारत होती, हळू. भागीबाईनं उत्तर दिलं, त्याहून हळू. विमलाबाई उठली, सरिताजवळ गेली, तिच्या पाठीखाली दोन पोती सारली आणि मोठ्यानं, मलाही कळेल असं म्हणाली, "ये भागी. बघ तिला."

दोघींनी लुगडं आडवं धरलं. नाना आणि धनराज न सांगता बाहेर गेले. भागीबाईनं पातेल्यातलं पाणी विसणून हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले आणि लुगड्याआड गेली. बराच वेळ लागला.

मग तिचा आवाज आला. "आडवंच हाय. पण वळंल. जागा हाय अजून. रोज तेल लावायचं, मी येत जाईन."

सरिता रडत होती की हसत होती ते कळेना. "तूच येशील ना मावशी? शेवटापर्यंत?"

"ती नाय तर कोण येईल?" विमलाबाई म्हणाली, जणू मधले सत्तावीस दिवस झालेच नव्हते. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

"वहिनी, हिकडं या," भागीबाईनं लुगड्याआडून हाक मारली.

मी आत गेले. तिनं माझा हात घेतला आणि सरिताच्या पोटावर, उजव्या कुशीला ठेवला. माझ्या हातावर तिचा हात होता, पण त्याचं वजन मला जाणवत नव्हतं. मी नकळत बोटं टेकवली.

"दाबू नका," ती म्हणाली. "नुसता ठेवा. त्यो येतो हाताला."

मी बोटं सैल सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतून एक गोल, घट्ट उंचवटा हळूच वर आला, माझ्या तळव्यात मावला आणि तिथंच थांबला.